पाण्याच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड : तुटतो कुठे, बिघाड असतो कुठे

डिझेल इंजिनाचा कनेक्टिंग रॉड पिस्टनला क्रँकशी जोडतो. त्याचे वरचे लहान टोक पिस्टनमधल्या गजनपिनीवर डुलते. खालचे मोठे टोक दोन भागांत कापलेले असते (सुटणारा भाग म्हणजे टोपी), क्रँकच्या जर्नलभोवती बसवून दोन बोल्टांनी आवळलेले असते. पिस्टनची वर-खाली धाव याच रॉडमुळे फ्लायव्हीलच्या फिरण्यात बदलते. रॉड तुटला तर नुकसान रॉडपुरते राहत नाही. क्रँक फिरतच असतो, आणि तुटलेले टोक त्याच्याबरोबर गरगरत इंजिनाच्या बाजूची बीडाची भिंत फोडते. 'रॉड बाहेर आला' हे मिस्त्रींचे बोलणे अक्षरशः खरे असते. अशा वेळी लायनर, पिस्टन, क्रँक, कॅम आणि ब्लॉक सगळेच जाऊ शकते, आणि दुरुस्तीपेक्षा जुने इंजिन भंगारात घालणे स्वस्त पडते.

वर्धा जिल्ह्यात अशी एक सिलिंडरची इंजिने आजही कामाची आहेत. वीज रात्री येते किंवा येतच नाही तेव्हा हरभरा-गव्हाच्या ओलितासाठी, पावसाने ताण दिला की कपाशीला एक पाणी देण्यासाठी, कारंजा आणि आष्टीकडच्या संत्राबागा उन्हाळ्यात जगवण्यासाठी ती चालतात. वर्धा, वणा, धाम, यशोदा या नद्यांच्या काठी ती पाणी ओढतात, आणि हंगामात तीच थ्रेशरला पट्ट्याने जोडली जातात. कामाचे हे तीन प्रकार रॉडवर तीन वेगळे ताण टाकतात. म्हणून रॉड तुटण्याची कारणेही इंजिन कुठे आणि कशावर चालते यावरून बरीचशी ओळखता येतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की मूळ दोष रॉडमध्ये फार कमी वेळा असतो. रॉड तुटतो तो बहुधा दुसऱ्याच कशाने तरी: ऑइल संपल्याने, बोल्ट सैल राहिल्याने, सिलिंडरात पाणी शिरल्याने, गव्हर्नर अडकल्याने. ते कारण न शोधता नवा रॉड बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

रॉडवर नेमके किती ओझे येते हे आकड्यांत पाहिले की पुढचे सगळे नीट उमगते. पुण्याजवळ खडकी येथे 1946 साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे टीव्ही-1 हे इंजिन उदाहरणाला घेता येईल. 87.5 मिलिमीटर बोअर, 110 मिलिमीटर स्ट्रोक, मिनिटाला 1500 फेरे, 5.2 किलोवॅट म्हणजे सुमारे 7 अश्वशक्ती. त्याच्या रॉडची लांबी, म्हणजे दोन छिद्रांच्या मध्यांतले अंतर, 234 मिलिमीटर असते. सिलिंडरात स्फोट होताना दाब 60 बारपर्यंत गेला तर पिस्टनवर साडेतीन टनांहून अधिक भार येतो आणि तो सगळा रॉड दाबतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे मिनिटाला 750 आणि तासाला 45,000. सव्वादोनशे तासांच्या आतच रॉडने एक कोटी दणके सोसलेले असतात.

हा झाला दाब. त्याच्या उलट ओढाही असतो आणि घातक बहुधा तोच ठरतो. पिस्टन वरच्या टोकाला थांबून परत फिरतो तेव्हा वरील मापांच्या इंजिनात त्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 170 पट असते. पिस्टन, रिंगा आणि गजनपिनीच्या दर किलो वजनामागे रॉडला 170 किलोंचा हिसका बसतो. स्फोटाच्या वेळी वायूचा दाब हा हिसका झाकून टाकतो. एक्झॉस्टच्या स्ट्रोकला मात्र वर दाब नसतो आणि सगळा ओढा मोठ्या टोकाच्या दोन बोल्टांवर येतो. हा ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे 1500 वरून 2100 झाले तर तो जवळजवळ दुप्पट होतो. थ्रेशर जोरात चालावा म्हणून गव्हर्नरची स्प्रिंग ताणणे किंवा सीलबंद स्क्रू फिरवणे म्हणजे काय करणे, ते या एका हिशोबावरून दिसते.

पाण्यात शर्यतीला उतरवल्या जाणाऱ्या छोट्या नमुना-बोटींच्या इंजिनांत हेच गणित टोकाला गेलेले असते. तिथे इंजिन मुठीत मावेल एवढे आणि रॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, पण फेरे मिनिटाला वीस हजारांच्या पुढे जातात आणि पिस्टनचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट होते. बोट लाटेवर उसळून पंखा पाण्याबाहेर आला की भार एकाएकी नाहीसा होतो, इंजिन सुटते आणि रॉड तुटतो. शेतातल्या पंपावर हेच घडते, फक्त हळू. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेले किंवा सक्शनच्या पाइपातून हवा आली की पंप पाणी सोडतो आणि इंजिनावरचा भार क्षणात उतरतो. गव्हर्नर चपळ असेल तर तो डिझेल कमी करतो आणि काही बिघडत नाही. फ्युएल पंपाची रॅक मळाने जड झाली असेल तर इंजिन पळत सुटते.

पंपाने पाणी सोडण्याचा दुसरा धोका त्याहून मोठा आहे. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांना थंड करणारे पाणी याच पंपाच्या पाइपातून घेतलेले असते. वर्ध्याला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. अशा उन्हात पंपाचे पाणी तुटले आणि इंजिनाजवळ कोणी नसले, तर काही मिनिटांत पिस्टन फुगतो आणि लायनरला धरतो. फ्लायव्हीलचा सारा जोर तेव्हा अडकलेल्या पिस्टनला ओढू पाहतो आणि रॉड मधल्या दांड्यातच वाकतो किंवा गजनपिनीजवळ फाटतो. इंजिन सुरू करून दुसऱ्या शेतात जाणे, किंवा रात्रीच्या पाण्याला इंजिन लावून झोपणे, हे म्हणूनच महागात पडते. थंड करणाऱ्या पाण्याची धार लांबून दिसेल असा त्याचा नळ बाहेर काढला तर नुसत्या नजरेनेही राखण होते. इंजिन असे धरून बंद पडले असेल तर गरम असताना त्यावर गार पाणी ओतू नये. हेडला आणि ब्लॉकला तडा जातो. ते आपोआप निवू द्यावे, पिस्टन काढून पाहावा. नुसते हँडल फिरते म्हणून पुन्हा चालू करू नये.

तरीही रॉड तुटण्याची सर्वांत जास्त प्रकरणे ऑइलपाशी येऊन थांबतात. मोठ्या टोकाचे बेअरिंग आणि जर्नल यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. साधारण नियमाने ही फट जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास राखतात. 50 मिलिमीटरच्या जर्नलला ती 0.05 मिलिमीटर येते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतला घ्यावा. हा थर तुटला की बेअरिंगच्या शेलचा पांढरा मऊ धातू आधी पुसला जातो, मग वितळतो, आणि फट वाढत जाऊन प्रत्येक फेऱ्याला रॉड जर्नलवर आपटू लागतो. बोल्टांवर येणारा भार आता एकसारखा नसून हातोड्याचा असतो. शेवटी एक बोल्ट तुटतो, टोपी उघडते आणि बाकीचे काम क्रँक करतो.

ऑइल कमी पडण्याची कारणे साधीच आहेत. चेंबरमधली पातळी पट्टी काढून रोज पाहिली जात नाही. इंजिन बैलगाडीतून किंवा ट्रॉलीतून नदीकाठी नेऊन उतारावर मांडले जाते. मग पट्टीवर पातळी बरोबर दिसते, पण ऑइल एका बाजूला साचते. ज्या जुन्या, सावकाश चालणाऱ्या इंजिनांत रॉडच्या टोपीला लावलेली पळी ऑइलात बुडून ते उडवते, त्यांत हा तिरपेपणा फार बाधतो. इंजिन समपातळीत आणि पक्क्या लाकडी किंवा सिमेंटच्या पायावर असले पाहिजे, हा नियम रॉडच्या आयुष्यासाठीच आहे. तिसरे कारण धूळ. सोयाबीन, हरभरा किंवा गव्हाच्या मळणीला थ्रेशरशेजारी उभे असलेले इंजिन दिवसभर भुसकट आणि काळ्या मातीची धूळ ओढते. एअर फिल्टरच्या वाटीतले ऑइल मळणीच्या दिवसांत रोज बदलावे. वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल मात्र भरू नये. जास्तीचे ऑइल हवेबरोबर सिलिंडरात खेचले जाते आणि इंजिन त्याच ऑइलावर, डिझेल बंद करूनही, पळत राहते.

असे पळालेले इंजिन थांबवायचे तर त्याची हवा तोडावी लागते. सपाट लाकडी फळी एअर फिल्टरच्या तोंडावर दाबून धरणे हा खात्रीचा उपाय आहे. कापड किंवा हात लावू नये. डीकॉम्प्रेशनची कळ असेल आणि हाताशी असेल तर ती उचलावी. फ्लायव्हीलच्या रेषेत आणि इंजिनाच्या बाजूच्या झाकणासमोर उभे राहू नये, कारण रॉड निघाला तर त्याच दिशेने निघतो. जवळ जाणे धोक्याचे वाटले तर माणसांना दूर करून इंजिन जाऊ द्यावे.

पावसाळ्यातला शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे सिलिंडरात शिरलेले पाणी. पाणी दाबले जात नाही. वर उल्लेख केलेल्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाला असताना उरणारी जागा सुमारे 40 मिलिलिटर असते, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाइतके पाणीही पुरेसे. तेवढे पाणी आत असताना हँडल मारले किंवा फ्लायव्हीलने झोक घेतला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि रॉड वाकतो. पाणी येते ते उघड्या तोंडाच्या उभ्या सायलेन्सरमधून, हेडच्या फाटलेल्या गॅस्केटमधून, किंवा नदीला पूर येऊन इंजिन बुडाले तर सर्व बाजूंनी. वर्धा आणि वणा नद्यांच्या काठावर जुलै-ऑगस्टमध्ये इंजिने ठेवणाऱ्यांना ही शेवटची गोष्ट नवी नाही.

बुडालेले किंवा पावसात उघडे राहिलेले इंजिन थेट चालू करू नये. आधी डीकॉम्प्रेशनची कळ उचलून इंजेक्टर काढावा आणि हँडल सावकाश फिरवावे. पाणी असेल तर इंजेक्टरच्या छिद्रातून उडते. चेंबरमधले ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर पूर्ण काढून, चेंबर पुसून नवे भरावे, थोडा वेळ भाराविना चालवून तेही काढून टाकावे. डिझेलची टाकी आणि फिल्टरही रिकामे करावे लागतात. एवढे करायला अर्धा दिवस जातो. तो न दिल्यास रॉड किंचित वाकतो, इंजिन चालूही होते, आणि मालकाला वाटते की वाचलो. वाकलेला रॉड आखूड झालेला असतो, म्हणून कॉम्प्रेशन कमी पडते, इंजिन सुरू व्हायला त्रास देते आणि धूर टाकते. पिस्टन तिरपा चालतो, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली घासतो. असा रॉड पुढे काही आठवड्यांनी, भर हंगामात आणि पावसाचा थेंबही नसताना तुटतो. तोपर्यंत पुराची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

रॉड तुटण्याआधी इंजिन बहुतेक वेळा आवाज देते. मोठ्या टोकाचा आवाज खोल आणि जड असतो आणि भार वाढला की वाढतो. गजनपिनीचा आवाज हलका, टणक आणि अनेकदा जोडीचा असतो. इंजेक्टरच्या बिघाडानेही ठोका येतो, म्हणून नुसत्या कानावर जाऊ नये. इंजिन बंद करून निवल्यावर बाजूचे झाकण उघडावे, पिस्टन वरच्या टोकाजवळ आणून फ्लायव्हील थोडे पुढे-मागे हलवावे आणि मोठ्या टोकाला हात लावून पाहावा. रॉड जर्नलवर आडवा, म्हणजे क्रँकच्या लांबीच्या दिशेने, किंचित सरकतो, ते योग्यच आहे. वर-खाली हातास जाणवेल इतकी ढिलाई असेल तर त्या दिवसापासून इंजिन चालवू नये. चेंबरचे ऑइल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरले आणि त्यात चमचमणारा चुरा दिसला तर निदान पक्के झाले.

तुटलेला रॉड हाती आला तर त्याचे सगळे तुकडे, दोन्ही बोल्ट, नट आणि शेल जपून ठेवावेत. घाईत ते भंगारात जातात आणि पुरावाच नाहीसा होतो. मोठे टोक निळे किंवा काळे पडले असेल आणि शेल जर्नलला चिकटून फिरला असेल तर ऑइल तुटले होते. टोक स्वच्छ, रंग न बदललेले, पण बोल्ट तुटलेला असेल तर बोल्टाची तुटलेली बाजू पाहावी. बोल्ट मध्येच बारीक होऊन, लांबून तुटला असेल तर त्याला एकाएकी जास्त ओढा बसला: इंजिन पळाले, पिस्टन धरला, किंवा बोल्ट बसवतानाच प्रमाणाबाहेर आवळला. तुटलेली बाजू सपाट असेल, तिच्या एका कडेपासून ओहोटीच्या रेतीवर उमटतात तशा वक्र रेषा पसरल्या असतील आणि दुसऱ्या कडेला खडबडीत ताजा भाग असेल, तर तडा बराच काळ वाढत होता. धातू थकल्याची ही खूण आहे. रेषा जिथून सुरू होतात तिथे बहुधा एखादा ओरखडा, गंजाचा खड्डा, छिन्नीचा किंवा पंचाचा घाव सापडतो. दांड्यात वाकून तुटलेला रॉड पाण्याची किंवा धरलेल्या पिस्टनची गोष्ट सांगतो. त्यातले कोणते ते पिस्टनवरचे उभे ओरखडे ठरवतात. हे वाचन डोळ्यांनी आणि साध्या भिंगाने होते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आता जोडणी. इथल्या चुका लहान असतात, पण बरेच रॉड त्याच मोडतात. रॉड आणि त्याची टोपी कारखान्यात एकत्र बसवून छिद्र पाडलेली जोडी असते. एकाची टोपी दुसऱ्याला लावू नये, उलटी लावू नये. दोन्हींवरचे आकडे एकाच बाजूला आले पाहिजेत. खूण करायचीच तर रंगाने करावी, रॉडच्या दांड्यावर पंच मारू नये. शेल ढिला वाटतो म्हणून त्याच्या मागे पत्र्याची पट्टी किंवा चांदीचा कागद घालणे, किंवा टोपी कानशीने घासून फट कमी करणे, हे दोन्ही गावोगाव चालते आणि दोन्ही घातक आहे. पहिल्याने शेलची उष्णता रॉडकडे जात नाही, दुसऱ्याने छिद्र अंडाकृती होते. जर्नल झिजला असेल तर तो लेथवर नव्हे तर क्रँक-ग्राइंडिंगच्या यंत्रावर 0.25 किंवा 0.50 मिलिमीटरने घासून तेवढ्याच अंडरसाइजचे शेल बसवावेत. जर्नलच्या दोन्ही कडांची गोलाई ग्राइंडिंगमध्ये जाऊ देऊ नये, कारण तिथूनच क्रँक तडकतो. शेलमधले ऑइलचे छिद्र रॉडच्या छिद्रासमोर आले की नाही हे टोपी लावण्यापूर्वी पाहावे. फट मोजायला शिशाची बारीक तार किंवा प्लॅस्टिगेजची पट्टी पुरते.

बोल्टांबद्दल थोडे सविस्तर. नीट आवळलेला बोल्ट आधीच इतका ताणलेला असतो की पिस्टनच्या ओढ्याने त्याच्यातला ताण फारसा बदलत नाही, म्हणून तो थकत नाही. सैल बोल्टाला मात्र दर फेऱ्याला ओढा पूर्ण बसतो आणि सोडला जातो. 'घट्ट झाला की पुरे' हा हाताचा अंदाज म्हणून चालत नाही. टॉर्क पाना वापरावा, आकडा पुस्तिकेतला घ्यावा, दोन्ही बोल्ट आळीपाळीने तीन टप्प्यांत आवळावेत, आणि दर टप्प्याला फ्लायव्हील हाताने फिरवून इंजिन मोकळे आहे ना ते पाहावे. रॉड उघडला की बोल्ट आणि नट नवेच घालावेत. चिमटीत मावणाऱ्या या सुट्या भागाची किंमत ब्लॉकच्या तुलनेत काहीच नाही, आणि इथे काटकसर करण्यासारखे काहीच नाही. वाकलेला रॉड सरळ करून किंवा वेल्डिंग करून पुन्हा वापरणे पूर्णपणे टाळावे. सुटे भाग घेताना इंजिनाचे मॉडेल आणि क्रमांक लिहून न्यावा. दिसायला सारखे रॉड लांबीत किंवा गजनपिनीच्या मापात वेगळे निघतात. नवे इंजिन घेत असल्यास आयएस 11170 या मानकाचा आयएसआय शिक्का पाहावा. शेतीच्या कामासाठी ठरावीक वेगाने चालणाऱ्या 20 किलोवॅटपर्यंतच्या डिझेल इंजिनांसाठी ते मानक आहे.

कपाशीवर फवारणीला वापरले जाणारे पाठीवरचे पेट्रोल पंप आणि गवत कापणी यंत्रे यांत बहुधा दोन स्ट्रोकचे इंजिन असते आणि त्यांची रचना नमुना-बोटींच्या इंजिनांच्या अधिक जवळची असते. त्यांना ऑइलचे चेंबर नसते. रॉडच्या दोन्ही टोकांना मिळते ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल. मिश्रणाचे प्रमाण कंपनीनुसार 1:25 ते 1:50 असते. 1:40 असेल तर एक लिटर पेट्रोलला 25 मिलिलिटर टू-टी ऑइल. टोपणाने अंदाजे ओतू नये, मापाची बाटली ठेवावी, आणि ऑइल डब्यात हलवून मगच टाकीत घालावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. हंगाम संपल्यावर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे न करता यंत्र कोपऱ्यात ठेवले तर हा ओलावा रॉडच्या सुई-बेअरिंगला गंज चढवतो. पुढच्या वर्षी पहिल्याच फवारणीत गंजलेली सुई फुटते आणि रॉड जातो. यंत्र ठेवताना स्पार्क प्लग काढून आत थोडे ऑइल सोडावे आणि दोरी दोन-तीनदा ओढावी. टाकीतले औषध संपल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून यंत्र पळवू नये.

डिझेल इंजिनात नवा रॉड किंवा नवे शेल बसवल्यावर पहिले काही तास भार अर्धा ठेवावा आणि थ्रेशर जोडू नये. पहिल्या दिवसाअखेर इंजिन निवल्यावर बाजूचे झाकण उघडून बोल्टांची कुलुपे, म्हणजे कॉटर पिना किंवा वळवलेल्या पट्ट्या, जागच्या जागी आहेत का ते पाहावे, आणि चेंबरमधले पहिले ऑइल नेहमीच्या मुदतीच्या बरेच आधी काढून फडक्यातून गाळावे. फडक्यावर चुरा उरला तर शेल पुन्हा उघडून पाहावेत.